फिनिक्सचे दिवे : ज्यांना कोणी काही विचारलेच नाही

(दृश्य : हौशी चित्रण, रात्रीचे आकाश, खाली शहराचे दिवे.)

पडद्यावर दिसणारे हे दिवे १३ मार्च १९९७ रोजी रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात, घरगुती वापराच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेले आहेत. काळ्या आकाशात आधी एक पिवळसर ठिपका उजळतो, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, आणि पाहता पाहता किंचित वाकलेली एक रांग तयार होते. काही मिनिटे ही रांग जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते आणि नंतर दिवे एकामागून एक नाहीसे होतात. ‘फिनिक्स लाइट्स’ म्हणून जगभर दाखवली गेलेली चित्रे ती हीच.

त्याच संध्याकाळी, या चित्रणाच्या सुमारे दीड तास आधी, आणखी एक घटना घडली होती आणि ती कितीतरी अधिक लोकांनी पाहिली होती. आठ वाजून गेल्यावर राज्याच्या उत्तर भागातील पॉल्डन आणि प्रेस्कॉट येथून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात सरकणाऱ्या दिव्यांची वर्दी येऊ लागली; साडेआठच्या सुमारास ते दिवे फिनिक्सवरून गेले आणि पावणेनऊपर्यंत दक्षिणेला टुसॉनपाशी पोहोचले. त्या दिवसांत हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, महाराष्ट्रातही त्या वसंतात लोक तो पाहण्यासाठी घराबाहेर पडत होते, आणि ॲरिझोनातील अनेक कुटुंबे त्याच कारणाने अंगणात उभी होती. पाहणाऱ्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, निवृत्त वैमानिक आणि पोलीसही होते. काहींनी पाच दिवे सांगितले, काहींनी सात. काहींना दिव्यांच्या मध्ये ताऱ्यांना झाकणारे एक प्रचंड, निःशब्द, काळे शरीर दिसले. यांतील बहुतेकांनी परग्रहवासीयांचे नावही काढले नव्हते. आपल्या डोक्यावरून काय गेले, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न विचारायला अधिकृत जागाच उरलेली नव्हती, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकी हवाई दलाने अशा नोंदी तपासणारा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ हा कार्यक्रम १९६९ च्या अखेरीस गुंडाळला होता. त्यात जमा झालेल्या १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ प्रकरणे शेवटपर्यंत अनिर्णित राहिली, आणि त्यानंतर हवाई तळावर दूरध्वनी करणाऱ्या नागरिकाला, आम्ही आता असे तपास करत नाही, असे ठरलेले उत्तर मिळत असे. शिवाय या घटनेनंतर दोनच आठवड्यांत, २६ मार्च रोजी, कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’ या पंथाच्या ३९ अनुयायांचे मृतदेह सापडले. धूमकेतूमागून येणारे यान आपल्याला घेऊन जाईल, या श्रद्धेपायी त्यांनी सामूहिक आत्महत्या केली होती. त्या बातमीनंतर आकाशातील अनोळखी दिव्यांविषयी गंभीरपणे बोलणे अधिकच अवघड झाले. अंगणात उभा राहून वर पाहणारा गृहस्थ आणि त्या पंथाचा अनुयायी यांत फरक करण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

फिनिक्सच्या नगर परिषदेच्या सदस्य फ्रान्सेस एमा बारवुड यांनी ती घेतली. मे महिन्यातील एका बैठकीत त्यांनी प्रशासनाला साधी विनंती केली, की १३ मार्चच्या रात्री शहरावर काय दिसले याची कोणीतरी माहिती घ्यावी. आपण काही पाहिले असल्याचा त्यांचा दावा नव्हता. या एका विनंतीनंतर त्यांच्या कार्यालयातील दूरध्वनी वाजत राहिला. आपण सातशेहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे ऐकले, असे त्या पुढे सांगत. शहर, राज्य आणि केंद्र यांपैकी कोणत्याही यंत्रणेने त्या साक्षीदारांची पद्धतशीर चौकशी केली नाही. थट्टा मात्र झाली, आणि ती प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या वाट्याला आली.

(दृश्य : १९ जून १९९७, गव्हर्नरांची पत्रकार परिषद.)

आता हे चित्रण लक्षपूर्वक पाहावे. १८ जून रोजी ‘यूएसए टुडे’ या दैनिकाने पहिल्या पानावर ही बातमी छापली आणि तीन महिने स्थानिक राहिलेला विषय एका दिवसात देशभर पोहोचला. दुसऱ्या दिवशी राज्याचे गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी आपण या प्रकरणाचा छडा लावू असे सकाळी सांगितले आणि दुपारी पत्रकारांना बोलावले. ध्वनिक्षेपकामागे उभे राहून ते गंभीर चेहऱ्याने सांगतात, की या प्रकरणाला जबाबदार असलेली व्यक्ती सापडली आहे. बाजूचे दार उघडते. मोठ्या डोक्याचा आणि काळ्याभोर डोळ्यांचा रबरी मुखवटा घातलेली एक उंच व्यक्ती, हातांत बेड्या अडकवलेल्या अवस्थेत, सुरक्षारक्षकांच्या सोबतीने पुढे येते. खोलीत हशा पिकतो. मुखवटा काढला जातो आणि त्याखालून गव्हर्नरांचे स्वतःचे मुख्य सहायक जे हायलर बाहेर येतात. तुम्ही मंडळी फारच गंभीर आहात हे यावरून दिसते, अशा अर्थाचे शब्द गव्हर्नर उच्चारतात.

हा हशा कोणाच्या खर्चाने पिकला, हे या चित्रणात कोठेही दिसत नाही. खोलीत बातमीदार आहेत, छायाचित्रकार आहेत, अधिकारी आहेत. आपण काय पाहिले हे सांगण्यासाठी एकाही साक्षीदाराला ध्वनिक्षेपकापाशी बोलावलेले नाही. ज्यांनी तीन महिने वाट पाहिली त्यांना त्यांच्या राज्याच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याकडून मिळालेले उत्तर एवढेच होते.

चौकशी झाली असती तर काय सापडले असते, याचा अंदाज आपल्याला आज करता येतो, कारण उत्तराचे महत्त्वाचे तुकडे त्याच शहरात उपलब्ध होते. त्या रात्री फिनिक्सच्या परिसरात एकवीस वर्षांचा एक हौशी आकाशनिरीक्षक आपल्या दहा इंची परावर्ती दुर्बिणीपाशी उभा होता. ‘व्ही’ आकाराचे दिवे येताना दिसताच त्याने दुर्बीण त्यांच्याकडे वळवली. नुसत्या डोळ्यांना जो एकेक दिवा दिसत होता, तो दुर्बिणीतून दुभंगला. प्रत्येक ठिकाणी दोन दिवे, आणि ते चौकोनी वाटणाऱ्या पंखांवर बसवलेले. ती विमाने आहेत, असे त्याने जवळच असलेल्या आईला तेथेच सांगितले. वेळांचा हिशेबही याच्याशी जुळतो : प्रेस्कॉट ते टुसॉन हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर अर्ध्या तासात कापणारा वेग जेट विमानांना सहज शक्य आहे. फार उंचावरून जाणारी विमाने संथ वाटतात, त्यांचा आवाज जमिनीवर क्षीण होऊन आणि उशिरा पोहोचतो, आणि काळोखात ठरावीक अंतर राखून सरकणाऱ्या ठिपक्यांमधील जागा आपला मेंदू एकाच वस्तूचे शरीर समजून भरून काढतो. ज्यांनी काळे, प्रचंड यान पाहिल्याचे सांगितले ते खोटे बोलत नव्हते. मानवी दृष्टी अशा वेळी जसे चालते तसेच त्यांच्या बाबतीत चालले असावे. या तरुणाने आपले निरीक्षण कळवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याचे म्हणणे स्थानिक साप्ताहिकाच्या एका वार्ताहराने छापेपर्यंत त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. यानाची गोष्ट हवी असणाऱ्यांना विमाने नको होती आणि हसणाऱ्यांना काहीच नको होते. ती विमाने कोणत्या तळावरून उडाली होती, हे आजवर अधिकृतपणे जाहीर झालेले नाही.

(दृश्य : सिएरा एस्ट्रेया पर्वतरांग, दिवसा, त्यावर रात्रीचे दिवे बसवलेले.)

रात्री दहाच्या दिव्यांचे उत्तर मात्र जुलै १९९७ मध्ये मिळाले, आणि तेही कोणीतरी कागद उलगडून पाहिले म्हणून. ॲरिझोना नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सेनादलाच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना नोंदींमध्ये आढळले, की मेरीलँड राज्याच्या एअर नॅशनल गार्डची ए-१० लढाऊ विमाने त्या हिवाळ्यात टुसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर सरावासाठी आली होती आणि त्या रात्री फिनिक्सच्या नैर्ऋत्येकडील बॅरी गोल्डवॉटर सराव क्षेत्रावर त्यांनी प्रकाशगोळे सोडले होते. हे प्रकाशगोळे जमिनीवरील लक्ष्ये उजळवण्यासाठी वापरतात. प्रत्येक गोळ्याची नळी जवळपास एक मीटर लांब आणि सुमारे १३ किलो वजनाची असते. विमानातून सुटल्यावर तिची छत्री उघडते, आतील मॅग्नेशियम पेट घेते आणि साधारण चार ते पाच मिनिटे लक्षावधी मेणबत्त्यांइतका प्रकाश देत राहते. जळण्याने तापलेली हवा वर चढून छत्रीत भरते, त्यामुळे गोळा इतका हळू उतरतो की लांबून तो स्थिर वाटावा. सराव संपताना उरलेले गोळे घेऊन तळावर उतरण्याऐवजी वैमानिक ते तेथेच सोडून देतात. हौशी चित्रण दिवसाच्या छायाचित्रावर बसवून पाहिले तेव्हा, दिवे जेथे नाहीसे होतात तेथे सिएरा एस्ट्रेया पर्वताची कड येते. गोळे डोंगरापलीकडे खाली गेले, आणि डोंगराची कड समान उंचीची नसल्यामुळे ते वेगवेगळ्या क्षणी दिसेनासे झाले.

बारवुड १९९८ मध्ये राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि अधिकृत नोंदी सांभाळणाऱ्या) पदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या; अनेक साक्षीदारांनी पुढे या विषयावर बोलणे सोडले.

(दृश्य : फाइफ सिमिंग्टन, २००७.)

दहा वर्षांनी याच गव्हर्नरांनी सांगितले, की त्या रात्री तो ‘व्ही’ आकार आपणही पाहिला होता. राज्यात घबराट पसरू नये म्हणून वातावरण हलके करण्याचा आपला हेतू होता, असे त्यांनी त्या पत्रकार परिषदेविषयी स्पष्टीकरण दिले. त्यांनी जे पाहिले ते विमानांचे दिवे असोत वा अन्य काही, पदावर असलेल्या आणि स्वतः हवाई दलात काम केलेल्या माणसालाही आपण काय पाहिले हे सांगायला दहा वर्षे लागली, यावरून सामान्य गृहिणीची किंवा नोकरी सांभाळणाऱ्या वैमानिकाची काय स्थिती होत असेल याची कल्पना यावी.

त्यानंतर थोडे बदलले आहे. अमेरिकी नौदलाने २०१९ मध्ये वैमानिकांसाठी अशा नोंदी देण्याची नवी पद्धत आखली. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाने १४४ नोंदींचा अहवाल प्रसिद्ध केला आणि थट्टेच्या भीतीने माहिती दडून राहते हे त्यात लेखी मान्य केले. नासाने खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र अभ्यासगट नेमला, तेव्हा केवळ या गटात बसल्याबद्दल त्याच्या काही सदस्यांना समाजमाध्यमांवर त्रास सोसावा लागला. ३१ मे २०२३ च्या जाहीर बैठकीत नासाच्या अधिकाऱ्यांना त्याचा निषेध करावा लागला. या निरीक्षणांचा उगम पृथ्वीबाहेर असल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही, असे त्या गटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात स्पष्ट लिहिले. सामान्य नागरिकांच्या मोबाइलमधून एकाच वेळी, अनेक ठिकाणांहून चित्रे आणि स्थान-वेळेची माहिती गोळा करण्याची व्यवस्था उभारावी, अशी सूचनाही त्यात आहे. फिनिक्समध्ये १९९७ साली अशी चित्रणे लोकांच्या घरी पडून होती आणि दुर्बिणीतून पाहिलेला साक्षीदार त्याच शहरात राहत होता. ती माहिती एकत्र करण्याचा आदेश ना शहराने दिला, ना राज्याने, ना हवाई दलाने.