आठवते ती त्यांची ढब

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्त झालेल्या मैदानी खेळाडूंविषयी बोलणे निघाले की बहुधा पदकांची आणि विक्रमांची यादीच पुढे केली जाते. ती यादी कुठेही जात नाही. उद्या विक्रम मोडला, तरी तो कोणी, कधी आणि कुठे केला होता याची नोंद कायम राहते. खेळाडूबरोबर मैदानातून कायमची निघून जाते ती त्याची ढब, म्हणजे पाऊल टाकण्याची, हात हलवण्याची, शर्यत मनाशी आखण्याची त्याची स्वतःची रीत. माझ्या मते चाहत्यांच्या मनाला लागलेली चुटपुट ही या ढबीचीच असते.

अमेरिकेचा धावपटू मायकेल जॉन्सन याचे उदाहरण घ्या. वेगाने धावायचे तर गुडघे उंच उचलावेत, पाऊल लांब टाकावे आणि अंग किंचित पुढे झुकवावे, असे शिकवले जाते. जॉन्सनचा कणा मात्र ताठ, जवळजवळ मागे रेललेला असे आणि त्याची पावले आखूड व अतिशय जलद पडत. त्याच ढबीने त्याने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 200 आणि 400 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. 200 मीटरमध्ये तर त्याने स्वतःचाच 19.66 सेकंदांचा विश्वविक्रम 19.32 वर आणला. या अंतरात एका झटक्यात सेकंदाचा तिसरा हिस्सा कमी होणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे धावण्याचा थोडाफार सराव केलेल्या कोणालाही कळेल. हा विक्रम पुढे 2008 मध्ये उसेन बोल्टने मोडला, आणि बोल्टची ढब अगदी उलट होती. 1.95 मीटर उंचीचा हा धावपटू 100 मीटरचे अंतर सुमारे 41 पावलांत, म्हणजे इतरांपेक्षा तीन-चार पावले कमी टाकून, पार करी. इतक्या उंच माणसाला शर्यतीची सुरुवात जड जाते, असे तोवर मानले जाई.

हाईले गेब्रसेलासीचा डावा हात धावताना अंगाशी किंचित वाकडा राहत असे, कारण लहानपणी इथिओपियात वह्यापुस्तके बगलेत धरून तो रोज दहा किलोमीटर धावत शाळेला जात होता. सिडनीत 2000 साली 10,000 मीटरच्या अंतिम शर्यतीत तो आणि केनियाचा पॉल टर्गट शेवटच्या सरळ पट्ट्यात खांद्याला खांदा लावून धावले आणि गेब्रसेलासी अवघ्या 0.09 सेकंदाने जिंकला. त्याच ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या 100 मीटर शर्यतीतही पहिल्या दोघांमध्ये याहून अधिक अंतर होते.

आता एका शर्यतीविषयी मला जरा सविस्तर बोलू द्या. 9 ऑगस्ट 2012, लंडन, पुरुषांची 800 मीटरची अंतिम शर्यत. ऑलिंपिकमध्ये वेग लावून देणारा सहायक धावपटू नसतो. त्यामुळे पदकाच्या आशेने सगळेच सावध धावतात, 400 मीटरची पहिली फेरी संथ होते आणि निकाल शेवटच्या दीडशे मीटरांवर लागतो. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने हा सारा हिशेबच बाजूला ठेवला. तो सुरुवातीलाच पुढे गेला, पहिली फेरी त्याने 49.28 सेकंदांत पूर्ण केली आणि कोणाच्याही आडोशाला न राहता, कोणालाही जवळ येऊ न देता, 1 मिनिट 40.91 सेकंदांत विश्वविक्रम करून तो शर्यत जिंकला. त्याच्या वेगाने बाकीचे सातही जण असे ओढले गेले, की आठव्या आलेल्या धावपटूची 1 मिनिट 43.77 सेकंद ही वेळ त्याआधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाला पुरली असती. मी पाहिलेल्या शर्यतींत इतकी धीट आणि इतकी देखणी दुसरी शर्यत नाही.

अशा शर्यतींची चित्रणे आज हवी तेव्हा पाहता येतात, हे खरे. पण चित्रण पाहताना शेवट ठाऊक असतो. मोरोक्कोचा हिशाम एल गरूज 1996 मध्ये 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत अडखळून पडला होता आणि सिडनीत अखेरच्या काही मीटरांत त्याचे सुवर्ण हुकले होते. 2004 मध्ये अथेन्सला शेवटच्या सरळ पट्ट्यात बर्नार्ड लगाट त्याच्या पुढे सरकला, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात ही दोन्ही वर्षे एकदम उभी राहिली. एल गरूजने पुन्हा मुसंडी मारली आणि 0.12 सेकंदाने शर्यत जिंकली; चार दिवसांनी त्याने 5000 मीटरचेही सुवर्ण मिळवले. ती घालमेल त्या क्षणी पाहणाऱ्यांनाच मिळाली.

उड्या आणि फेकी यांच्या वाट्याला दूरदर्शनवर फार कमी वेळ येतो, आणि याची मला मनापासून खंत वाटते. ब्रिटनचा जोनाथन एडवर्ड्स तिहेरी उडीत उंच झेपावत नसे. पाण्यावर तिरका फेकलेला चपटा खडा जसा वेग न गमावता पुढे जातो, तसा तो जमिनीलगत तीन टप्पे घेई. 1995 मध्ये गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत त्याने पहिल्या उडीत 18.16 आणि दुसरीत 18.29 मीटर अंतर गाठले, आणि तो विश्वविक्रम आजही अबाधित आहे. स्वीडनचा स्टेफान होल्म अवघ्या 1.81 मीटर उंचीचा. उंच उडीत ही उंची कमीच म्हणायची. तरी 2005 मध्ये त्याने 2.40 मीटरवरची आडवी काठी ओलांडली, तीही प्रामुख्याने आपल्या जलद धावेच्या बळावर. बांबू उडीतली येलेना इसिन्बायेवा दोन उड्यांच्या मध्ये तोंडावर पांघरूण घेऊन पडून राही आणि पाळी आली की बांबू हातात धरून काहीतरी पुटपुटत असे. पाच मीटर पार करणारी ती पहिली स्त्री. सर्वांत लांब किंवा सर्वांत उंच उडी तेवढी कापून दाखवली, की या माणसांचे स्पर्धेतले वागणे, त्यांची वाट पाहणे, त्यांचे डावपेच हे सारे प्रेक्षकाच्या नजरेतून सुटते.

निरोपाची वेळही प्रत्येकाला मनासारखी साधता येत नाही. बोल्ट 2017 मध्ये लंडनला आपल्या शेवटच्या रिले शर्यतीत मांडीचा स्नायू दुखावून धावपट्टीवर कोसळला. त्याला पळताना पाहायला आलेल्या हजारो लोकांनी त्याला लंगडत अंतिम रेषा ओलांडताना पाहिले. अमेरिकेची धावपटू ॲलिसन फेलिक्स हिचे नशीब याहून चांगले. 2022 मध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेत मिश्र रिलेचे कांस्य घेऊन तिने चाहत्यांचा निरोप घेतला होता, पण महिलांच्या रिलेच्या प्राथमिक फेरीसाठी तिला पुन्हा बोलावणे आले, ती धावली, संघाने पुढे अंतिम फेरी जिंकली, आणि त्या सुवर्णासह जागतिक स्पर्धांतील तिची पदके वीस झाली.