न विसावणारे सूर

भयपटाचा दुसरा भाग आला की संगीतकारापुढे एक ठरलेली अडचण असते. पहिल्या भागात राक्षस दिसून गेलेला आहे, प्रेक्षक एकदा किंचाळून मोकळा झाला आहे. आता त्याच सुरांनी पुन्हा घाबरवायचं कसं? बहुतेक जण जुनंच संगीत जास्त वाद्यांवर, जास्त मोठ्यानं वाजवतात. म्हणून आज मी मुद्दाम अशा सीक्वेलबद्दल बोलणार आहे, ज्याच्या संगीतकाराला वारशात काहीच मिळालं नव्हतं. आणि असं संगीत छोट्या वाद्यसंचासाठी नव्यानं बांधताना काय सांभाळायचं, तेही सांगणार आहे.

'फ्रँकेन्स्टाइन' आला 1931 साली. आज तो पाहताना प्रयोगशाळेतली ती शांतता चमत्कारिक वाटते. श्रेयनामावलीपुरतं संगीत सोडलं, तर चित्रपटाला पार्श्वसंगीत असं नाहीच. बोलपट तेव्हा नवे होते. वाद्यवृंद दिसत नसताना तो ऐकू कसा येतो असं प्रेक्षक विचारतील, अशी धास्ती निर्मात्यांना होती. 1933 मध्ये 'किंग काँग'साठी मॅक्स स्टायनरनं भरभरून संगीत दिलं आणि ती धास्ती बरीचशी गेली. त्यामुळे 1935 मध्ये दिग्दर्शक जेम्स व्हेल 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' घेऊन आला, तेव्हा राक्षस जुना होता, पण त्याला आवाज नव्यानं द्यायचा होता.

ते काम फ्रान्झ वॅक्समनकडे गेलं. जर्मनीत तो दुसऱ्यांच्या रचना वाद्यवृंदासाठी बांधून द्यायचा. 'द ब्लू एंजल' या चित्रपटासाठी फ्रीडरिश होलँडरच्या संगीताची बांधणी त्यानंच केली होती. 1934 मध्ये बर्लिनमध्ये नाझी गुंडांनी त्याला मारहाण केली. तो पॅरिसला गेला आणि तिथून हॉलिवूडला पोचला. व्हेलनं त्याला सांगितलं, की या चित्रपटात शेवटच्या विध्वंसाखेरीज कशाचाच निकाल लागत नाही, तेव्हा संगीतही तसंच हवं. दिग्दर्शकानं संगीतकाराला याहून नेमकी सूचना दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. एरवी काय मिळतं? 'जरा भीतीदायक करा.'

आता हे ऐका. पियानोवर तीनच सूर वाजवतो. पहिला सूर, तिथून बरोबर एक सप्तक वर उडी, आणि वर पोचता पोचता अर्धा स्वर खाली. झालं. हा वधूचा, म्हणजे राक्षसासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या जोडीदारणीचा, विषय; तिची ओळख सांगणारी चाल. गंमत म्हणजे 1949 मध्ये 'साउथ पॅसिफिक' या संगीतिकेतल्या 'बाली हाय' या गाण्याची सुरुवातही याच उडीनं होते आणि तिथे ती दूरच्या बेटाची ओढ लावते. इथेही ओढच आहे, भीती नाही. वरच्या 'सा'ला हात लावून स्वर निषादावर उतरतो आणि तिथेच लोंबकळतो. आपला कान म्हणतो, चला, आता परत 'सा'वर. वॅक्समन जात नाही. वाद्यं बदलतो, तोच तुकडा आणखी उंचावरून पुन्हा आणतो, पण कानाला विसावा देत नाही.

पुनर्रचना करणारे सगळ्यात जास्त घसरतात ते इथे. वाद्यं कमी असतात, मैफलीत वाजवायचं असतं, तुकड्याला सुरुवात-शेवट हवा असतो. मग हळूच चौथा सूर जोडला जातो, खाली एक गोड कॉर्ड (एकदम वाजणारे काही सूर) येते आणि टाळीची सोय होते. ऐकायला छान लागतं, पण वधू गेली. तिचं अर्धवटपण त्या न आलेल्या चौथ्या सुरात होतं. तुम्ही वाद्यं बदला, पट्टी बदला, लय थोडी सैल करा, माझी हरकत नाही. हा चौथा सूर तेवढा जोडू नका.

दुसरी जागा म्हणजे वधूला जिवंत करण्याचा प्रसंग. बाहेर वादळ, छतावरून पतंग सोडलेले, यंत्रांतून ठिणग्या. दृश्यं भराभर बदलतात, कॅमेरा तिरका होतो. या सगळ्याखाली टिंपनी, म्हणजे स्वरात लावलेला मोठा नगारा, एकच ठोका देत राहते, हृदयाचा. ती घाई करत नाही. पडद्यावर इतकी धावपळ चाललेली असताना खाली हा ठोका शांतपणे पडतो, आणि वर वधूचे ते तीन सूर तुकड्यातुकड्यानं येत राहतात. संगीत दृश्याच्या मागे धावत नाही, म्हणून दृश्य धावतंय हे कळतं.

छोट्या संचात टिंपनी नसेल तर काय? बास ड्रम घेऊ नका. टिंपनीला स्वर असतो आणि तो स्वर वरच्या सुरांशी भांडत असतो. बास ड्रमनं नुसता धक्का मिळतो. डबल बासची तार बोटानं छेडा आणि तिच्या जोडीला पियानोचा अगदी खालचा सूर, तार हातानं दाबून, वाजवा. संगणकावर काम करणार असाल तर प्रत्येक ठोका एकाच जोराचा ठेवू नका. वादकाच्या हाताचा जोर ठोक्यागणिक किंचित बदलतो. पण लय मात्र हलता कामा नये.

'एवढा मोठा वाद्यवृंद आम्ही आणायचा कुठून,' असं मला नेहमी विचारतात. मूळ ध्वनिमुद्रणात 22 वादक होते! बाकालैनिकॉफ यांच्या संचालनाखाली नऊ तासांच्या एकाच सत्रात ते पार पडलं. म्हणजे ज्याला आपण भव्य म्हणतो तो नाद मुळातच काटकसरीचा होता. भव्यता येते ती विषय कोणाच्या हाती दिलाय त्यावरून. राक्षसाचा गुरगुरता विषय ब्रासकडे, म्हणजे पितळी फुंकवाद्यांकडे आहे, तो तिथेच शोभतो. व्हायोलिनवर दिलात तर राक्षस कुरकुरायला लागेल. वधू घडवण्याचा घाट घालणाऱ्या डॉ. प्रिटोरियसलाही स्वतःचा विषय आहे. त्याच्यात एक तिरकस नखरा आहे, तो क्लॅरिनेटवर चांगला उतरतो असं माझं मत.

आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत मात्र वॅक्समन बाजूला सरतो. तिथे शुबर्टचं 'आवे मारिया' आहे, आधी संन्याशाच्या व्हायोलिनवर आणि मग ऑर्गनवर. काहींना हे फार गोडमिट्ट वाटतं. मला नाही वाटत. सगळ्या चित्रपटात एवढ्या एकाच जागी सूर घरी येतात, कारण राक्षसालाही तिथे घडीभर घर मिळालेलं असतं. मैफलीसाठी निवडक तुकडे एकत्र बांधताना हा भाग 'उसना आहे' म्हणून गाळला, तर बाकीची तगमग कशाच्या तुलनेत कळणार?

पुढच्या काळातले सीक्वेल याच कसोटीवर पाहा. 'सायको 2' (1983) सुरू होतो तोच जुन्या चित्रपटातल्या स्नानगृहाच्या प्रसंगानं. संगीतकार जेरी गोल्डस्मिथनं पहिल्या 'सायको'च्या बर्नार्ड हरमनच्या त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांशी स्पर्धा केली नाही. त्यातल्या खुनी नॉर्मनसाठी मऊ, उदास चाल लिहिली. शहाणा माणूस. 'हेलबाउंड: हेलरेझर 2' (1988) मध्ये ख्रिस्तोफर यंग उलट्या दिशेनं गेला: वाद्यवृंद फुगवला, कोरस आणला, नरकाचा दरबारच भरवला. पण त्यातही एक बारकावा आहे. नरकाच्या अधिपतीचा, लेव्हायथनचा, जो भोंगा वाजतो त्याची लय मोर्स संकेतातली आहे: लांब-लांब-आखूड, लांब-लांब-लांब, लांब-आखूड-आखूड. अक्षरं होतात जी, ओ, डी; म्हणजे देव. नरकाचा मालक स्वतःला देव म्हणवतोय. छोट्या संचासाठी हे बांधताना कोणी ते आखूड सूर नुसती सजावट समजून सफाईसाठी उडवले, तर लांबलचक भोंगा उरेल आणि अक्षरं पुसली जातील. म्हणून कात्री चालवण्याआधी प्रत्येक सूर तिथे का आहे ते तपासायचं.

पुन्हा 'ब्राइड'कडे येतो, कारण स्फोट राहिलाय. प्रयोगशाळा उडते तेव्हा वॅक्समननं प्रचंड कर्कश कॉर्ड ठेवलाय. त्या स्फोटानं चित्रपटगृहसुद्धा हादरलं असं वाटावं, हा हेतू. पाच-सहा वादकांकडून हा दणका मिळणार नाही. मोठ्यानं वाजवून तर नाहीच. त्याआधीच्या दहा-बारा मात्रांत सगळ्यांना खालच्या सप्तकातून दूर ठेवा, ठोकाही थांबवा. मग चेलो, बास, ट्रॉम्बोन आणि पियानोचा डावा हात एकदम तळाला येऊ द्या, अर्ध्या स्वराच्या अंतरावर एकमेकांना घासत. आवाज तेवढाच राहील, पण जमीन सरकल्यासारखी वाटेल. कॉर्ड सगळ्यांनी एकदम सोडायचा. पियानोवाल्यानं पॅडलवरचा पाय उचलायला विसरायचं नाही.

आणि जाहीर कार्यक्रम करणार असाल तर हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्या, बांधणीला नंतर बसा. आता प्रश्न विचारा.