आधी हात, मग पदवी: अमेरिकेतला फिजिशियन असिस्टंट कसा घडतो

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विद्यापीठाचा दगडी परिसर, पांढऱ्या कोटातली माणसं.)

ऑक्टोबर १९६५. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात, ड्यूक विद्यापीठात, फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरच्या जोडीने रुग्ण तपासणारा प्रशिक्षित माणूस, घडवण्यासाठी एक नवा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी किती? चार. चौघेही नौदलातून बाहेर पडलेले 'कोअरमन'. जहाजावर किंवा आघाडीवर डॉक्टर जवळ नसेल तर जखम शिवायची, सलाईन लावायचं, रक्त थांबवायचं, हे सगळं करणारे सैनिक. युद्धात ही माणसं जीव वाचवत होती. गणवेश उतरवल्यावर मात्र त्यांच्या या कौशल्याला नागरी दवाखान्यात जागाच नव्हती, कारण हातात कागद नव्हता.

वर्ग सुरू करणारे डॉ. यूजीन स्टेड तिथल्या मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. आधी त्यांनी परिचारिकांचा विचार केला होता. थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी अनुभवी परिचारिकांसाठी पुढचा अभ्यासक्रम आखलाही, पण नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो नाकारला. मग स्टेड यांची नजर कोअरमनकडे वळली.

त्याच राज्यात गार्लंड नावाचं छोटं गाव आहे. तिथले डॉ. एमॉस जॉन्सन डॉक्टरांच्या संघटनेच्या कामासाठी सतत दौऱ्यावर असत. ते नसताना दवाखाना चालायचा हेन्री 'बडी' ट्रेडवेल यांच्या भरवशावर. ट्रेडवेल यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. जे येत होतं ते जॉन्सन यांनी शेजारी उभं करून शिकवलेलं. डॉक्टर नसलेला माणूस डॉक्टरच्या हाताखाली किती काम पेलू शकतो, याचा हा जिवंत नमुना स्टेड यांच्या ओळखीतलाच होता.

६ ऑक्टोबर १९६७. चौघांपैकी तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. त्या दिवशी स्टेड यांचा वाढदिवसही होता. अमेरिकेत पीए सप्ताह आजही ६ ऑक्टोबरलाच सुरू होतो.

(दृश्य: आजचा दवाखाना. गळ्यात स्टेथोस्कोप, छातीवर 'पीए-सी', म्हणजे प्रमाणित पीए, असा बिल्ला.)

पीए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साहेबांच्या भेटीगाठींची वही सांभाळणारा माणूस येतो. हा पीए वेगळा. तो रुग्ण तपासतो, निदान करतो, चाचण्या सांगतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर उभा राहतो. औषधं लिहिण्याचा अधिकार आज पन्नासही राज्यांत आहे. सगळ्यात शेवटी तो दिला इंडियानाने, २००७ मध्ये. डॉक्टरशी त्याचं नातं नेमकं कसं असावं, देखरेख किती, सही कुणाची, हे मात्र प्रत्येक राज्याचा कायदा आपापल्या परीने ठरवतो.

'असिस्टंट' हा शब्द या लोकांना वर्षानुवर्षं खुपत आला आहे. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं, पण कायद्यातलं नाव बदलायचं तर एकेक राज्य गाठावं लागतं. नावाचा वाद इथेच ठेवू. आपल्याला पाहायचंय ते दार, ज्यातून आत शिरावं लागतं.

(दृश्य: रात्रीची वेळ. लॅपटॉपवर उघडा अर्ज.)

पहिल्या पिढीच्या शिक्षणाअखेर मिळायचं ते प्रमाणपत्र. आज पदव्युत्तर पदवीशिवाय गत्यंतर नाही. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एआरसी-पीए या संस्थेने तसा नियमच केला, आणि जुन्या अभ्यासक्रमांना बदलण्यासाठी २०२० अखेरपर्यंतची मुदत दिली. म्हणजे आधी चार वर्षांची बॅचलर पदवी, तीही कोणत्याही विषयातली चालते. इतिहास शिकलेली मुलगीही अर्ज करू शकते. अट एवढीच, की शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, बहुतेक ठिकाणी सेंद्रिय रसायन किंवा जीवरसायन, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय तिने कुठेतरी पूर्ण केलेले हवेत, विज्ञानाचे बहुधा प्रयोगशाळेसह. काही विद्यापीठं विचारतात, हे कधी शिकलात? पाच, सात, दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा शिकून या.

गुणांची सरासरी चारपैकी किमान तीन, असं बहुतेक माहितीपत्रकांत छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका. प्रत्यक्षात प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते. आणखी एक मेख आहे. अर्ज ज्या केंद्रीय यंत्रणेतून जातो, ती कॅस्पा, प्रत्येक प्रयत्नाचे गुण मोजते. रसायनशास्त्रात आधी 'डी' मिळाला, पुन्हा बसून 'ए' मिळवला, तर कॉलेज कदाचित जुना 'डी' पुसून टाकेल. कॅस्पा पुसत नाही. दोन्ही धरून सरासरी काढते.

पण या अर्जातला खरा कस पुढे आहे. एक रकाना तासांचा असतो.

(दृश्य: रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडतं. स्ट्रेचर खाली उतरतो.)

रुग्णसेवेचे तास. डॉक्टर होण्यासाठी मेडिकल स्कूलमध्ये अर्ज करणाऱ्याकडे असा अनुभव असला तर उत्तम, पण तासांची सक्ती सहसा नसते. पीएच्या बाबतीत अनेक विद्यापीठं आकडाच सांगतात. कुठे ५००, कुठे १,०००, कुठे २,०००. अमेरिकेत पूर्णवेळ नोकरीचे वर्षाला साधारण २,००० तास धरतात, त्यावरून हिशेब लावा. म्हणून हे उमेदवार पदवीच्या काळात किंवा त्यानंतर वर्ष-दोन वर्षं रुग्णवाहिकेवर इएमटी, म्हणजे तातडीचे प्रथमोपचार करणारे कर्मचारी, होतात, वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करतात, रक्ताचे नमुने घेतात, दवाखान्यात मेडिकल असिस्टंट म्हणून रक्तदाब मोजतात.

अर्जात दोन वेगळे कप्पे असतात. रुग्णाला हात लावून, त्याच्या उपचाराची काही जबाबदारी घेऊन केलेलं काम एकात. रुग्णालयातलं बाकीचं काम, म्हणजे स्वागतकक्ष, साफसफाई, कागदपत्रं, दुसऱ्यात. वजन पहिल्याला. आणि मग सुरू होते घासाघीस. डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना शेजारी बसून नोंदी टाइप करणारा 'स्क्राइब' कोणत्या कप्प्यात? एक विद्यापीठ म्हणतं पहिल्या, दुसरं म्हणतं दुसऱ्या. तोच माणूस, तेच तास, आणि निकाल अर्ज कुठे पाठवला यावर.

मला या अटीत कोअरमनची सावली दिसते. हा पेशा ज्यांच्यापासून सुरू झाला त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण हात तयार होते. १९७० मध्ये ड्यूकमधून पहिली स्त्री पीए बाहेर पडली, जॉइस निकल्स. त्याही तिथल्याच रुग्णालयात प्रॅक्टिकल नर्स होत्या. आज विद्यापीठं हात आणि पदवी दोन्ही मागतात. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली आहे. सैन्यातून परतलेला, शेकडो जखमा बांधलेला कोअरमन आज थेट वर्गात येऊ शकत नाही. त्याला आधी चार वर्षांची पदवी करावी लागते. दर्जा वाढला, हे खरंच. दार अरुंद झालं, हेही तितकंच खरं.

बाकीची कागदपत्रं भराभर सांगतो. शिफारसपत्रं बहुधा तीन, त्यातलं एक पीए किंवा डॉक्टरचं असेल तर बरं. एखाद्या पीएच्या मागे फिरून त्याचं काम पाहिल्याचे तास. प्रवेशपरीक्षा म्हणून काही ठिकाणी जीआरई, काही ठिकाणी पीए-कॅट. आणि एक निबंध, पाच हजार अक्षरांच्या आत, शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजून: तुम्हाला पीएच का व्हायचंय? डॉक्टर का नको, नर्स का नको, याचं उत्तर त्यात यावं लागतं. 'लोकांची सेवा करायची आहे' हे वाक्य निवड समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं, की त्याने काहीच साधत नाही.

कॅस्पाचं नवं वर्ष एप्रिलच्या अखेरीस उघडतं. बरीच विद्यापीठं अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरत जातात. शेवटच्या तारखेला अर्ज पाठवणारा अनेकदा भरलेल्या गाडीत चढायला धडपडत असतो.

परदेशात एमबीबीएस केलेले डॉक्टर विचारतात, आम्हाला थेट परीक्षा देता येईल का? नाही. मान्यताप्राप्त अमेरिकी पीए अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही.

(दृश्य: वर्गखोली. फळ्यावर हृदयाचं चित्र. विद्यार्थ्यांची झोपाळू तोंडं.)

अभ्यासक्रम साधारण सत्तावीस महिन्यांचा. पहिलं वर्षभर, कुठे थोडं जास्त, फक्त शिकणं: शरीररचना, औषधशास्त्र, रोगांची ओळख, तपासणीचं तंत्र. उन्हाळ्याची लांब सुट्टी नाही. या काळात नोकरी करू नका, असं बहुतेक ठिकाणी स्पष्ट बजावलेलं असतं, त्यामुळे फीबरोबर घरखर्चही कर्जावरच चालतो.

(दृश्य: रुग्णालयाचा लांब कॉरिडॉर. पहाट.)

मग रोटेशन, म्हणजे एकेका विभागात फिरून प्रत्यक्ष रुग्णांवर शिकणं. वर्षभर, दोन हजारांहून अधिक तास. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, शस्त्रक्रिया, आपत्कालीन विभाग, बालरोग, स्त्रीरोग आणि प्रसूती, मानसिक आरोग्य. दर काही आठवड्यांनी नवं रुग्णालय, नवी माणसं, नवा वाहनतळ. महिन्यापूर्वी सर्जनबरोबर पहाटे फेरी मारणारा मुलगा आता तापाने फणफणलेल्या बाळाच्या कानात बघायला शिकतोय, आणि बाळ त्याचा हात झटकतंय. बऱ्याच ठिकाणी रोटेशनच्या शेवटी १२० प्रश्नांची परीक्षा असते.

इथे शिकवणाऱ्याला प्रिसेप्टर म्हणतात. तो डॉक्टर असतो किंवा पीए, आणि स्वतःचे रुग्ण सांभाळूनच शिकवत असतो. प्रिसेप्टर मिळवणं हे या अभ्यासक्रमांचं जुनं दुखणं आहे. एकाच रुग्णालयात मेडिकलचे, नर्सिंगचे आणि पीएचे विद्यार्थी त्याच जागांसाठी उभे असतात. विद्यार्थ्याला स्वतःची जागा स्वतःच शोधायला लावू नका, असा एआरसी-पीएचा नियम आहे. नियम करावा लागला, यातच सगळं आलं.

शेवटी पॅन्स, राष्ट्रीय परीक्षा. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच गट, प्रत्येकाला साठ मिनिटं. गुणांची पट्टी २०० ते ८००, उत्तीर्ण व्हायला ३५०. सहा वर्षांत सहा संधी. मग राज्याचा परवाना. त्यानंतर दर दोन वर्षांनी शंभर तासांचं पुढचं शिक्षण, आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा परीक्षा.

बदल्यात मिळतं काय? अमेरिकी श्रम खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये पीएचं मध्यम वार्षिक वेतन १ लाख ३० हजार डॉलर होतं. पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. डॉक्टरला हृदयरोगातून त्वचारोगाकडे वळायचं तर पुन्हा वर्षानुवर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे त्या शाखेचं रुग्णालयातलं प्रशिक्षण. पीए नवी नोकरी धरतो, नव्या डॉक्टरच्या हाताखाली शिकतो, आणि शाखा बदलतो. नवी पदवी लागत नाही. ट्रेडवेल शिकले तसंच, कामावर, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून.

(दृश्य: दवाखान्यातली अरुंद मार्गिका. बंद दार. बाहेर पांढऱ्या आखूड कोटातली विद्यार्थिनी, हातात वही. शेजारी प्रिसेप्टर.)

आज तिच्या रोटेशनचा पहिला दिवस. आतल्या खोलीत सत्तरीतला गृहस्थ बसला आहे, तीन दिवसांपासून पायाला सूज. प्रिसेप्टर दाराकडे मान करते.

"आधी तू जा. सगळं विचार, तपास. मग बाहेर येऊन मला सांग, तुला काय वाटतं ते."

विद्यार्थिनी दारावर टकटक करते.