मागे कोण राहिलंय?

रविवारची पहाट. पुण्यात राजाराम पुलापाशी सायकली जमायला लागल्यात. कुणी शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसतंय, कुणी भाच्याची सायकल मागून आणलीय. जायचंय खडकवासल्याला. जेमतेम 12-13 किलोमीटर.

नवख्यांसाठी हा रस्ता मुद्दाम निवडलाय. मोठा चढ नाही. वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी... दम लागला तर कुठेही थांबावं, नाहीच जमलं तर कुठूनही मागे फिरावं. डोणज्याच्या पुढे सिंहगडाचा घाट खुणावतो. तो मोह आज टाळायचा.

निघण्याआधी हवा, ब्रेक, चेन बघून घ्यायची. आणि सीट! पाय जमिनीला टेकावेत म्हणून नवी माणसं ती फार खाली ठेवतात, मग गुडघे बोलायला लागतात. टाच पेडलवर ठेवायची. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर.

डाव्या कडेने, एकामागोमाग एक. पुढच्याला खड्डा दिसला की तो हाताने दाखवतो आणि ओरडतो, "खड्डा!" तीच आरोळी शेवटपर्यंत पोचवायची.

या शेवटच्या सायकलवाल्याला म्हणतात स्वीप. गटातला सगळ्यात जाणता माणूस इथेच हवा. पुढे पळणारे हवे तेवढे मिळतात. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान त्याच्या पिशवीत. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तो नवख्याशी गप्पा मारत चालवतो. बोलता येतंय ना? मग वेग ठीक आहे. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, हेही तोच सांगतो.

थांब्यावर मात्र एक गोष्ट हमखास घडते आणि ती बघवत नाही. पुढचे येतात, पाणी पितात, निवांत होतात. मागचा धापा टाकत पोचतो, तोच हाक येते, "चला, निघू या!" ज्याला विसाव्याची गरज, त्यालाच विसावा नाही. असा माणूस पुढच्या रविवारी येत नाही, आणि का आला नाही हे कुणी विचारतही नाही. म्हणून थांब्याची वेळ मोजायची ती शेवटची सायकल आल्यावर.

धरणापाशी चहा-पोहे होतात. आठच्या आत परत निघायलाच हवं, नंतर सिंहगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. परतताना क्रम बदलतो. येताना मागे होती ती मंडळी आता पुढे, आणि वेगही त्यांचाच.