हिशेबपट्टीला कुलूप

[लासलगाव. कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो.]
भरलेला ट्रॅक्टर ३,८४० किलो.

[तोच ट्रॅक्टर, रिकामा.]
रिकामा १,६२०. म्हणजे कांदा २२.२० क्विंटल. दर क्विंटलला १,५०० धरला तर हिशेबाची पट्टी ३३,३०० रुपयांची.

[पेढीवरचा संगणक.]
हे गणित एक्सेल करतं. पण निव्वळ वजनाच्या सेलमध्येच घाईत कुणी २२ टाइप केलं, की सूत्र पुसलं जातं. पट्टीत ३०० रुपये कमी.

[पडदा जवळून.]
कुलूप लावायचं म्हटलं की बरेच जण थेट ‘प्रोटेक्ट शीट’ दाबतात. मग वजनही भरता येत नाही, आणि पाच मिनिटांत कुलूप निघतं. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच ‘लॉक्ड’ असतो. शीट प्रोटेक्ट केल्यावरच ते जाणवतं. म्हणून सुरुवात उघडण्यापासून. पूर्ण शीट निवडा, कंट्रोल-१ दाबा, ‘प्रोटेक्शन’मधली ‘लॉक्ड’ची खूण काढा. मग एफ-५, ‘स्पेशल’, ‘फॉर्म्युलाज’. सूत्रांचे सेल तेवढे निवडले जातील. त्यांना पुन्हा ‘लॉक्ड’ करा. शीर्षकांची ओळही, नाहीतर कुणीतरी तिथं फोन नंबर लिहितंच.

आता ‘रिव्ह्यू’, ‘प्रोटेक्ट शीट’. यादीतली ‘सिलेक्ट लॉक्ड सेल्स’ ही खूण काढली, की टॅब दाबल्यावर कर्सर फक्त उघड्या सेलवरून उड्या मारतो.

[कर्सर: भरलेलं वजन, रिकामं वजन, दर.]
फिल्टर हवा असेल तर तो आधी लावून ठेवा, मगच ‘यूज ऑटोफिल्टर’ला खूण. सॉर्टचं मात्र जमत नाही: सॉर्ट करायच्या भागात एकही लॉक्ड सेल असला तरी एक्सेल नकार देतं.

दुसरीकडून आकडे आणताना ‘पेस्ट व्हॅल्यूज’च वापरा. साध्या पेस्टबरोबर त्या सेलचं कुलूपही येतं, आणि उघडा सेल बंद होतो. कट तर नकोच. एका वजनावर दुसरं कट करून चिकटवलं, की कुलूपबंद सूत्रातही ‘रेफ’ची (#REF!) चूक उमटते.

[खालच्या पट्टीत शीटची नावं, एक नाहीसं होतं.]
खरेदीदारांचे दर लपवलेल्या शीटवर ठेवायची सवय सगळीकडे आहे. ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ने ते शीट उघड करता येत नाही, हे खरं. पण दुसऱ्या फाइलमधून साधी लिंक दिली तरी त्यातला आकडा वाचता येतो. गुपित आहे ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ लावून. तो पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही फाइल उघडून देत नाही.

[पुढचा ट्रॅक्टर काट्यावर.]