डोंगरावरून उतरणारी हवा

पुण्यात डिसेंबरात रात्री दहानंतर मगरपट्ट्यातून टेकड्यांजवळच्या पाषाणला स्कूटरवरून जाऊन बघा. विद्यापीठ चौक मागं पडला की हँडलवरची बोटं आखडायला लागतात. घरी पोचून आपण म्हणतो, 'आज थंडी वाढलीय.' वाढलेली काही नसते. मगरपट्ट्यात त्याच वेळी कुणीतरी पंखा लावून बसलेलं असतं.

हा फरक नीट मोजून त्याप्रमाणे बांधकामाचे नियम करायचे, हे काम जर्मनीतल्या श्टुटगार्टनं फार आधी सुरू केलं. वस्ती साधारण सहा लाख. १९६८ पासून मुंबईचं हे भगिनी-शहर. शहराचा मधला भाग परातीसारखा खोलगट, भोवती टेकड्या, उतारांवर द्राक्षमळे. वारा मुळातच मंद, आणि गाव मर्सिडीज, पोर्शचं. धूर भरपूर, पण तो हलवायला वारा नाही. म्हणून १९३८ साली तिथल्या नगरपालिकेनं चक्क एक हवामानतज्ज्ञ नोकरीला ठेवला. वेधशाळेत नव्हे, नगरपालिकेत! लगेच महायुद्ध लागलं आणि त्या खात्याच्या गळ्यात काम पडलं ते विमानांपासून शहर झाकायला कृत्रिम धुकं सोडण्याचं. असो.

मुद्दा उताराचा आहे. सूर्य मावळला, आभाळ निरभ्र असलं की उतारावरचं गवत भराभर निवतं. त्याला टेकलेली हवाही निवते, जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहायला लागते. वेग अगदी थोडा, माणूस रमतगमत चालतो तेवढा. झाडाचं पानही हलत नाही. अशी हवा शोधायला संशोधक धूर सोडतात आणि तो कुठं सरकतो ते बघत बसतात. गाडीला तापमापक बांधून रात्रभर गल्ल्या पालथ्या घालतात. तो धूर एखाद्या लांबलचक इमारतीपाशी आला की बांधाला पाणी अडावं तसा अडतो. तीच इमारत उताराच्या दिशेनं उभी असेल तर बाजूनं निघून जातो.

श्टुटगार्टनं या वाटा नकाशावर काढल्या. १९९२ साली त्या भागाचा हवामान-नकाशासंग्रह निघाला, २००८ साली सुधारून पुन्हा. कुठली दरी मोकळी ठेवायची, कुठल्या उतारावर बांधकाम विरळ हवं, हे त्यात दिसतं. म्हणजे प्लॉटच्या नकाशाशेजारी वाऱ्याचा नकाशा ठेवून चर्चा होते.

पण त्या शहराची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. तिथं झाडं तोडायला ३० सप्टेंबरपर्यंत बंदी असते, पक्ष्यांच्या विणीसाठी. २०१० साली नव्या रेल्वे स्टेशनासाठी मध्यवर्ती बागेतली झाडं पाडायची होती. ३० तारखेला निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारले, शंभरावर माणसं जखमी झाली, आणि मध्यरात्र उलटताच करवती सुरू! नियम पाळला म्हणायचं.

आपल्याकडं पुण्यात समाविष्ट झालेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. त्यावर वाद होतो तो झाडांचा, मोरांचा, एफएसआयचा, म्हणजे किती बांधकाम करू द्यायचं याचा. हवेचा विषय निघत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, टेकडीवर दाट झाडी लावली तर गारवा वाढेल ना? दिवसा सावलीत हो. पण रात्री खाली येणारी गार हवा उघड्या गवताळ उतारावर जास्त तयार होते. दाट झाडीत पानं जमिनीची ऊब धरून ठेवतात. वेताळ टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाबद्दल गवताळ माळाचे अभ्यासक नाराज असतात, ते फुलं-पाखरांसाठी. त्यांच्या बाजूनं हे आणखी एक कारण मांडता येईल.