फाटकाची घंटा

(दृश्य: मांडवी, सकाळ)

बडोद्यात मांडवीखाली उभं राहिलं की चार दिशांना चार दरवाजे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी. मांडवी या शब्दाचा जुना अर्थच मुळी जकातनाका. आत काय येतं, बाहेर काय जातं, ते बघायला या गावाला कुणी शिकवायला नको.

(दृश्य: दांडिया बाजारातलं किराणा दुकान)

इथे मात्र फाटक नाही. डबे मागे, मधे शेठ, गिऱ्हाईक पायरीवर. अर्धा किलो तूरडाळ शेठच्याच हातून मिळणार. चोरणार काय आणि कसं?

हा मधला माणूस हटवून दाखवला क्लॅरेन्स साँडर्सनं. 1916 साली, अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये, 'पिगली विगली' या दुकानात. टोपली घ्या, हवं ते स्वतः उचला. पण आत शिरायला फिरतं फाटक, पुढे एकच नागमोडी वाट, आणि ती संपते थेट पैसे घेणाऱ्यासमोर. 1917 मध्ये त्यानं या रचनेचं पेटंटही मिळवलं. म्हणजे मोकळीक आणि फाटक, दोन्ही एकाच दिवशी जन्मलेली भावंडं!

(दृश्य: मॉल, बाहेर पडायच्या वाटेवरचे दोन खांब)

आता हे खांब. बिल न झालेली वस्तू मधून गेली की बोंबलणारे, चोरी पकडायचं फाटक. डबीवरची चौकोनी चिकटपट्टी उजेडासमोर धरा: धातूची चपटी वेटोळी दिसतात. खांब लहरी सोडतो आणि वेटोळं आपल्या ठरलेल्या सुराला, बहुधा 8.2 मेगाहर्ट्झला, साद देतं. दुसरी जात जरा जाडसर, पांढरी, बोटाच्या पेराएवढी. आत पातळ धातूच्या पट्ट्या सुट्या ठेवलेल्या, कारण त्यांना थरथरायला जागा हवी. सेकंदाला 58,000 वेळा. देवळातल्या घंटेवरचा हात काढला तरी नाद रेंगाळतो ना, तसंच. खांब लहर सोडून क्षणभर गप्प होतो, आणि त्या शांततेत रेंगाळणारा नाद ऐकतो.

बिल करताना काउंटरवरच्या पाटावर वस्तू फिरवली की पट्टी मुकी होते. गर्दीत एखादी निसटते. तुपाचा पत्र्याचा डबा तर लहरीच अडवतो, त्यामुळे त्याच्यावर लावलेली पट्टी भरवशाची नाही. सुट्या डाळीला कोण पट्टी लावणार?

(दृश्य: फाटक. आवाज.)

सगळ्या माना वळतात. जोशीकाकूंचा चेहरा बघा. पिशवीत साबुदाणा, गूळ, बिल जागेवर. चोरी पकडण्यापेक्षा ओशाळवाणं करण्यातच हे यंत्र जास्त तरबेज आहे, असं मला चित्रीकरणाच्या चार दिवसांत वाटायला लागलं.

"बेन, गभराशो नहीं," रखवालदार म्हणतो. आधी पिशवी एकटीच फाटकातून नेतो. गप्प. मग काकूंची पर्स. पुन्हा बोंब.

तळाशी फेस क्रीमची डबी. मागच्या आठवड्यातली, दुसऱ्याच दुकानातली.

"तिथे तर वाजलं नव्हतं हो!" काकू म्हणतात.

रखवालदार नखानं पट्टी खरवडतो आणि आपल्या टेबलाच्या कडेला चिकटवतो. तिथे आधीच अकरा आहेत.